नाव कुठे लागतं, कुठे गळतं

मागच्या अंकात मी जुन्या मराठी पुस्तकांच्या प्रस्तावनांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. ‘सौ.ने मुद्रणप्रत करून दिली, तिचे आभार मानणे औपचारिक ठरेल’ अशा थाटाचं वाक्य तिथे हमखास सापडतं. पानंच्या पानं हाताने उतरवून काढणाऱ्या त्या सौ.चं नाव मात्र कुठेच नसतं. ग्रंथालयात सूचीकार म्हणून नोकरी झाल्यामुळे अशी पानं मी नको इतकी पाहिली. कार्डावर लेखकाला रकाना, संपादकाला रकाना, अनुवादकाला रकाना. मुद्रणप्रत करणारीला रकानाच नाही. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत, थोडी छाटून. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत. (नावांबद्दलच्या पानावर नावं गाळावी लागतात, यातली गंमत मलाही कळते.)

प्रश्न : माझं वय ५८. संसार केला, सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली, मुलाचा दहावीपर्यंतचा अभ्यास घेतला. परवा बँकेचा अर्ज भरताना त्याच मुलाने माझ्या व्यवसायाच्या रकान्यात ‘काही नाही’ असं लिहिलं. मला फार लागलं. या कामाची सरकारदरबारी तरी कुठे नोंद होते का?

होते. उशिरा आणि वेडीवाकडी होते, पण होते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळ-वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या माणसांचा दिवस कशात जातो, ते घरोघरी जाऊन विचारलं. स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७, असा आकडा त्यातून आला. वर्तमानपत्रांनी तो छापला आणि पुष्कळांना वाटलं, चला, पुरुषही दीड तास करतात की! पण ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची आहे. बायकांमध्ये असे ८१ टक्के होते, पुरुषांमध्ये २६. म्हणजे चारातल्या तीन पुरुषांचं शून्य त्या ९७ मध्ये धरलेलंच नाही. ते धरून मी भागाकार केला, तर पुरुषांची सरासरी पंचवीस मिनिटांवर येते आणि बायकांची चार तासांवर राहते. लहान मुलं, आजारी माणसं, म्हातारी माणसं यांचं करणं यात नाही. त्याचा हिशोब वेगळा मांडला आहे. तुमच्या सासूबाईंच्या उशाशी गेलेल्या रात्री त्या दुसऱ्या तक्त्यात.

आता कायद्याचं बघा. मोटार अपघातात गृहिणी गेली, तर भरपाई ठरवायला तिच्या कामाची किंमत काढावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या अनुसूचीत त्यासाठी एक सूत्र होतं : न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न म्हणजे कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश. माझ्या डोक्यात हे सूत्र अजून जात नाही. दोघी शेजारणी, दोघी पहाटे उठणाऱ्या, दोघींचं काम तेच. एकीचा नवरा कारकून, दुसरीचा साहेब. तर साहेबाच्या बायकोने घासलेलं भांडं महाग! २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट उघड्यावर आणली. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना ‘काम न करणारे’ या गटात भिकारी आणि कैदी यांच्या पंगतीला बसवलं होतं, आणि त्याबद्दल न्यायमूर्तींनी स्पष्ट नापसंती लिहून ठेवली. जानेवारी २०२१ मधल्या निकालात वेळ-वापर पाहणीचे हे २९९ आणि ९७ आकडे थेट उद्धृत झाले, आणि गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरणं म्हणजे तिच्या श्रमाला मान्यता देणं आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

हे सगळे निकाल माणूस गेल्यावरचे आहेत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. बाई जिवंत आणि धडधाकट असेपर्यंत तिच्या कामाची किंमत काढायची वेळ कुणावर येत नाही.

म्हणून तुम्ही दोन गोष्टी करा. बँकेतून नवा अर्ज मागवा आणि स्वतःच्या अक्षरात ‘गृहिणी’ लिहा. तो पर्याय बहुतेक अर्जांत छापलेलाच असतो. मुलाने घाईत लिहिलं असेल, पण ते खोडायचं काम तुमचं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : घराच्या कागदावर तुमचं नाव आहे का ते बघा. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावाने घर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. सवलतीपुरतं बायकोचं नाव घालणारे महाभाग मला ठाऊक आहेत, तरी घाला म्हणते. कुठल्याही कारणाने लागलेलं नाव सहजासहजी निघत नाही. आणि मातृदिनाला मुलगा फुलं घेऊन आला, तर फुलं घ्या आणि कागदाचं विचारा.

प्रश्न : आमची आजी ऐंशीच्या पुढे आहे. तिला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात. आम्ही नातवंडं त्यांची पुस्तिका काढतो आहोत. काका म्हणतात, ओव्या परंपरेच्या, कुणा एकीच्या नाहीत; तेव्हा वर फक्त ‘संकलन’ म्हणून त्यांचं नाव घालावं. तुमचं मत?

काकांना नमस्कार सांगा आणि त्यांचं नाव आतल्या पानावर घ्या.

ओवी परंपरेची हे खरं. पण परंपरा आपण होऊन गात नाही, तिला कुणाचा तरी गळा लागतो. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉईटविन यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायचं काम हाती घेतलं. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. तो सगळा ठेवा आता ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो आहे, आणि तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. सूचीकार म्हणून सांगते, एक लाख नोंदींत हे सांभाळणं सोपं काम नाही. त्यांना तेवढ्या पसाऱ्यात जमलं, तर तुम्हाला एका पुस्तिकेत जमायला हरकत नाही.

मुखपृष्ठावर आजीचं नाव. तिचं पाळण्यातलं, सासरचं, दोन्ही. आत प्रत्येक ओवीखाली ती कुणाकडून ऐकली ते : आई, आत्या, जाऊ, शेजारीण, आणि कुठल्या गावात. आठवेल तेवढंच, ओढून-ताणून नको. पहाटे जात्याला दोघी बसायच्या. एकीने ओळ उचलायची, दुसरीने पुढे न्यायची. त्यामुळे ‘ही ओवी माझी नाही, अमकीची’ असं आजी मध्येच म्हणेल. ते वाक्य आवर्जून उतरवून घ्या, कारण त्यात दुसऱ्या एका बाईचं नाव वाचतं. दळण गिरणीत गेलं, तसा हा धागा तुटत गेला. आता नोंद केली नाही, तर ती पुढे करायला कुणी उरणार नाही.

आणि रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी तिला विचारा. ओव्यांत भावाचं कौतुक असतं तसं सासरचं उणंदुणंही असतं. सासूवरच्या ओव्या छापायच्या की नाहीत, हे आजी ठरवील. काकांनी त्यात पडू नये.

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे. एक पद्धत बसवण्यात माझं दीड वर्ष गेलं. त्यावरचा लेख तयार झाला, तेव्हा सहकाऱ्याचं नाव पहिलं आणि मी ‘आभार’मध्ये! मार्गदर्शक म्हणतात, ‘तू तर घरचीच आहेस, पुढच्या लेखात बघू.’ भांडू की गप्प बसू?

भांडू नकोस, गप्पही बसू नकोस. लिहून विचार.

ज्या नियतकालिकाला लेख जाणार आहे, त्याचे लेखकत्वाचे नियम आधी वाच. तुझ्या विषयातली बरीच नियतकालिकं वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार कसोट्या मानतात : कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम लेखाला संमती, आणि कामाबद्दल उत्तर द्यायची तयारी. यातली मेख समजून घे. पहिली कसोटी तू पार केली आहेस. मसुदा तुला दाखवलाच नाही, तर दुसरी आणि तिसरी पार करायची संधीच तुला मिळत नाही. म्हणून पहिली मागणी ‘मसुदा वाचायला द्या’ ही कर. दुसरं, अनेक नियतकालिकं आता लेखाबरोबर प्रत्येकाचा वाटा जाहीर करायला सांगतात. त्यासाठी १४ भूमिकांची ठरलेली यादी आहे : कल्पना, पद्धत, प्रत्यक्ष प्रयोग, विश्लेषण, पहिला मसुदा, निधी मिळवणं वगैरे. ती यादी समोर ठेवून मार्गदर्शकांना सौम्य मेल लिही : ‘सर, यातल्या पद्धत आणि प्रयोग या दोन भूमिका मी केल्या असं मला वाटतं. तुमचं मत कळवाल का?’ सोबत प्रयोगवहीतल्या तारखा. आवाज चढवायची गरजच पडत नाही. ‘घरचीच’ हे उत्तर तोंडी देता येतं, मेलवर लिहायला हात अडखळतो.

तुझ्याच विषयातल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, तुला माहीत असतील. दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाकारला. त्या तिथे जाऊन हटून बसल्या, तेव्हा १९३३ मध्ये प्रवेश मिळाला, तोही अटींवर : पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडेपर्यंत त्याला मान्यता नाही, आणि पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित करायचं नाही! त्यांनी अटी मानल्या, दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं, आणि वर्षभराने रामन यांना मान्यता द्यावी लागली. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली; प्रबंध जेमतेम ४० पानांचा. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. त्या अटींचा अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो जाहीरपणे सांगितला. मला त्यांचं हे न विसरणं आवडतं. यशस्वी बाईने मागचं सगळं उदार मनाने पोटात घालावं, अशी आपली एक अपेक्षा असते. त्यांनी ती पुरी केली नाही.

दुसऱ्या अ‍ॅना मणी. त्याही रामन यांच्याच प्रयोगशाळेत, हिऱ्यांच्या वर्णपटांवर काम करणाऱ्या. एकेका छायाचित्र-पट्टीवर प्रकाश पंधरा-वीस तास पडू द्यावा लागे, म्हणून रात्री प्रयोगशाळेतच काढायच्या. पाच शोधनिबंध लिहिले, पाचही एकटीच्या नावावर. १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला, आणि विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण काय, तर एम.एस्सी. नाही. पुढे त्या हवामान खात्यात पुण्याला आल्या. पर्जन्यमापक, वायुभारमापक ही उपकरणं तोवर परदेशातून येत. ती इथे बनावीत म्हणून शंभरेक उपकरणांचे आराखडे त्यांच्या हाताखाली प्रमाणित झाले. खात्याच्या उपमहासंचालक होऊन निवृत्त झाल्या. डॉक्टर ही पदवी त्यांच्या नावामागे कधी लागली नाही. ते पाच निबंध मात्र कुठल्याही सूचीत ‘मणी, अ‍ॅना’ या नोंदीखाली निघतात, आणि ती नोंद कुणा विद्यापीठाच्या मर्जीवर नाही. तुझ्या लेखाचं तेच आहे. आभारातलं नाव सूचीत येत नाही. मी आयुष्यभर ज्या याद्या केल्या, त्यांत आभाराच्या पानाची नोंद एकदाही केलेली नाही, कारण तसा नियमच नाही.

नाव लेखात असलं म्हणजे सगळं मिळतं, असंही समजू नकोस. पल्सारचे, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्याचे, ठोके १९६७ मध्ये पहिल्यांदा टिपले ते जोसलिन बेल या विद्यार्थिनीने. लेखात त्यांचं नाव दुसरं होतं. १९७४ चं नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना आणि आणखी एका शास्त्रज्ञाला मिळालं. तरीही आज पल्सार म्हटलं की नाव बेल यांचंच निघतं, कारण ते १९६८ च्या त्या लेखावर छापलेलं होतं. २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचं मोठं पारितोषिक मिळालं. ती सगळी रक्कम त्यांनी विज्ञानात कमी संख्येने येणाऱ्या गटांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दिली.

मेल आजच लिही. लेख नियतकालिकाकडे गेल्यावर नावं बदलायला सगळ्या लेखकांच्या सह्या लागतात.

प्रश्न : माझी पत्नी गाणं शिकवते आणि एका गायकांच्या मागे तंबोऱ्याला बसते. पत्रिकेवर तबला-पेटीवाल्यांची नावं असतात, तंबोऱ्याचं नाही. ती म्हणते, जाऊ दे. मी आयोजकांशी बोलू का?

आधी तिला विचारा, मग बोला. आणि शक्यतो तिलाच बोलू द्या. आयोजकाला फोन करण्यापेक्षा गायकांना सांगणं सोपं. मंचावर साथीदारांची ओळख करून देताना तंबोऱ्यावरच्या दोघींची नावं घ्यायला अर्धं मिनिट लागतं. कार्यक्रम यूट्यूबवर चढला, तर खालच्या मजकुरात तिचं नाव टाकायला सांगा. पत्रिका रद्दीत जाते, तो मजकूर राहतो.

गाण्यात नाव टिकवायला बायकांना कधी कधी यंत्राचीच मदत झाली आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोनवाल्यांनी भारतातली पहिली मुद्रणं केली. अनेक उस्ताद त्या भोंग्यासमोर गायला कचरत होते. बैठकीत गाणाऱ्या बायका पुढे आल्या. गौहर जान यांच्या तबकड्यांत गाणं संपताना ‘माय नेम इज गौहर जान’ अशी खणखणीत ललकारी ऐकू येते. लोकांना तो ठसका वाटतो. कारण साधं होतं : मेणावरचं मुद्रण जर्मनीत हानोवरला जाई आणि तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं ते कळायला हवं, म्हणून गाणाऱ्याने स्वतःचं नाव सांगायचं. उलट गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. आवाज त्यांचा, लेबल दुसऱ्या नावाचं.

‘जाऊ दे’बद्दल मात्र जरा थांबते. मोगूबाई कुर्डीकर नवरा गेल्यावर तीन मुलांना घेऊन गाण्यावर आणि शिकवण्यांवर उभ्या राहिल्या. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, पुढे पद्मभूषण. पण त्याआधीची कित्येक वर्षं तिसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास आणि मिळेल तिथे उतरणं. त्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसलेली मुलगी हे सगळं बघत होती. किशोरी आमोणकर पुढे आयोजकांना फार कडक वाटायच्या. उतरण्याची सोय, मंच, श्रोत्यांची शांतता, कशातच तडजोड नाही. आईला मिळालेली वागणूक पाहून आपण तसं ठरवलं, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. लोकांनी त्याला लहरीपणा म्हटलं. पुरुष गवयाच्या बाबतीत त्याच वागण्याला आपण ‘बाणा’ म्हणतो. तुमच्या पत्नीकडे मुली शिकायला येत असतील, तर तिचं ‘जाऊ दे’ त्याही ऐकत असणार, एवढं तिला जरूर सांगा.

प्रश्न : केसरबाई केरकरांचं गाणं अंतराळात आहे, हे खरं का? (नववीतली विद्यार्थिनी)

खरं. ‘नासा’च्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, आणि तीत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. भारतातलं तेवढं एकच गाणं. त्या भैरवीची मूळ जुनी तबकडी मिळवायला, यानासाठी गाणी निवडणाऱ्या गटातल्या अ‍ॅन ड्रुयान यांना न्यूयॉर्कमध्ये दुकानं पालथी घालावी लागली. पहिलं यान २० ऑगस्ट १९७७ ला उडालं, दुसरं ५ सप्टेंबरला. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. आता तू घरी बसून ती भैरवी ऐक, आणि ऐकल्यावर जमलं तर धोंडूताई कुलकर्णींचंही गाणं शोध. केसरबाई सहसा कुणाला शिकवत नसत. धोंडूताईंना त्यांनी शिकवलं.

प्रश्न : मी दर रविवारी स्वयंपाक करतो. पाहुणे तोंडभरून कौतुक करतात आणि बायको चिडते. तिला आनंद का होत नाही?

सोमवार ते शनिवार पाहुण्यांनी तिचं केलेलं एक कौतुक आठवून सांगा. आठवलं नाही, तर उत्तर तुमचं तुम्हाला मिळालं. रविवार तसाच चालू ठेवा, शिवाय एक मंगळवार घ्या, पाहुणे नसलेला. सिलिंडर कधी संपणार आणि पोराची लस कधी आहे, हेही त्या दिवशी तुम्हीच लक्षात ठेवायचं.

प्रश्न : आम्हाला जानेवारीत मुलगी झाली. जन्मनोंदीत तिच्या नावापुढे माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. सासरे म्हणतात, केवढं लांबलचक नाव हे, कुठल्या रकान्यात बसणार? बदलता येईल का?

बदलायला जाऊ नका. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलासाठी महाराष्ट्र सरकारने हाच क्रम ठरवून दिला आहे : मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं, आडनाव. शाळेची कागदपत्रं, सरकारी कागद, तिथेही तसंच. निर्णय मार्च २०२४ चा. तुम्ही एवढंच बघा, की दाखल्यावर तुमच्या नावाचं स्पेलिंग तुमच्या आधार कार्डाशी जुळतंय. एक वेलांटी चुकली, तरी शाळाप्रवेशाच्या वेळी हेलपाटे पडतात. रकान्याची काळजी सासऱ्यांना करू नका म्हणावं. रकाने वाढवता येतात. मी नोकरीत कितीतरी वेळा वाढवले आहेत.